पाठमोरे वाटे

"हा कुनाचा?"

"मंगळीचा."

"आन् हा?"

"धर्माचा."

"हा बग, यात मरळ हाय चांगली हातभर. हा कुनाचा?"

"मरळ हाय का शेपूट हाय ते मला सांगू नको रं. मी पाठ केलीय. हा चिंधीचा."

विचारणाऱ्याचा आवाज हर्षलाला आता आठवत नाही. उत्तर देणाऱ्याचा आठवतो. भरड, खालच्या पट्टीतला, आणि नाव घेताना शेवटचं अक्षर किंचित लांबवणारा, जणू ते नाव घराच्या दारापर्यंत पोचवून मगच तो आवाज माघारी फिरणार होता.

उन्हाळ्यात पळसटेपचं गावतळं आटत आलं की सगळा गाव त्यात उतरायचा. निघालेली मासळी काठावर पळसाच्या पानांवर मांडायची, घरटी एक वाटा. मग एकाने वाट्यांकडे पाठ करून बसायचं. दुसऱ्याने वाट्यावर काठी टेकवून विचारायचं, आणि पाठमोऱ्याने एका घराचं नाव घ्यायचं. कुठल्या पानावर मरळ आणि कुठल्या पानावर नुसती चिंगळं, हे ज्याने पाहिलंच नाही, तो उजवं-डावं काय करणार? सगळ्या गावाचा या रितीवर भरवसा होता, आणि रितीपेक्षा हिरामणवर जास्त. पाठ करून बसावं ते हिरामणनेच.

त्या वर्षी हर्षला आईच्या पदराला धरून काठावर उभी होती. हातात टोपली, टोपलीत हिरवी पानं अंथरलेली. नावं येत होती, पानं उचलली जात होती. मंगळी गेली, धर्मा गेला, चिंधी गेली. एकच वाटा उरला तेव्हा हर्षलाने टोपली पुढे केली.

"हा कुनाचा?"

"देवाचा," हिरामण म्हणाला. "झालं."

तो उठला, धोतराची माती झटकली आणि हात धुवायला पाण्याकडे गेला. त्याला त्यांच्याकडे पाठ फिरवावीसुद्धा लागली नाही. ती आधीपासून फिरवलेलीच होती.

बाप गेल्यावर बांधाचं भांडण आई गावकीपुढे न नेता तालुक्याला कोर्टात घेऊन गेली होती. गावकीने घर वाळीत टाकलं होतं. हे हर्षलाला पुढे कळलं. त्या दिवशी इतकंच कळलं की गावात जेवढी घरं आहेत त्यात आपलं घर नाही. आई एवढंच म्हणाली, "चल." कुणाला काही विचारलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. त्यानंतर एक पावसाळा त्यांनी त्या घरात काढला आणि गाव सोडलं.

हिरामणचा तो आवाज आज पुन्हा ऐकू आला. कर्जतच्या बाजारपेठेमागच्या एका मंगल कार्यालयात, हर्षलाच्या पाठीमागून.

"सांग की बाय. सगळं सांग. घाबरतंस कशाला?"

*

हर्षला भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या डावीकडे सुप्रिया मॅडम, उजवीकडे राजेश सर, तेही भिंतीकडे तोंड करून. समोर गुलाबी भिंतीवर कुठल्याशा लग्नाचा उरलेला थर्माकोलचा अर्धा मोर. असं बसायची कल्पना हर्षलाचीच.

ती ज्या संस्थेत काम करायची, ती संस्था कारखान्यांकडून समाजकार्यासाठी येणारा निधी कर्जत-खालापुरातल्या छोट्या छोट्या तंत्रमेळाव्यांना देत असे. मोहोपाड्याच्या कॉलनीतली पोरं घरी बनवलेल्या यंत्रमानवांची कुस्ती लावत. कुंभिवलीचे हायवेवरचे गॅरेजवाले बॅटरीवरच्या गाड्या दुरुस्त करायचं शिबिर घेत. भिवपुरीच्या मुली सुट्टीत कोडिंग शिकवत. सगळ्यांना पुरेल एवढं कधीच नसे. पाच वाटे ठरलेले आणि दारात उभे सहा-सात जण. पूर्वी निधी जायचा तो ज्याचं इंग्रजी गुळगुळीत त्याला, नाहीतर ज्याची मॅडमशी ओळख त्याला. दर वर्षी रडारड, टोमणे, व्हॉट्सअ‍ॅपवर शिव्याशाप. सुप्रिया मॅडम एकदा डोकं धरून बसल्या तेव्हा समन्वयक म्हणून नुकतीच लागलेली हर्षला म्हणाली होती, "आपण पाठ करून बसू या का?"

नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही. आपला मेळावा काय तेवढंच बोलायचं. आणि भिंतीकडे तोंड केलेल्या तिघांपैकी कुणाला मेळाव्याबाहेरच्या ओळखीचा आवाज ऐकू आला, तर त्याने उठून बाहेर जायचं, त्या मेळाव्याच्या बाबतीत नंतरही तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा नियम हर्षलाने हट्टाने घालायला लावला होता. हे सुचलं कुठून, असं मॅडमनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "असंच."

तेव्हापासून भांडणं कमी झाली. ज्याला मिळालं नाही तोही म्हणायचा, हर्षलाताईंनी नाही म्हटलं म्हणजे नाही. कुंभिवलीचा संतोष गॅरेजवाला तेवढा अजून चिडवायचा. आज सकाळीही आत आल्या आल्या म्हणाला होता, "काय वो, परत रुसून बसलात का तिघं? सासरहून न्यायला आलोय असं वाटतं मला."

"संतोष, बोलू नकोस, आवाज ओळखला जातो," राजेश सर भिंतीकडे बघत ओरडले.

"माझा आवाज कुनाला वळखायचा राहिलाय, सर? तुमची स्कूटर तीनदा उघडलीय मी."

राजेश सर मुकाट्याने उठून बाहेर गेले होते. मोहोपाड्याच्या पोरांच्या वेळीही गेले. "ह्यातला एक माझ्या डोक्यावर राहतो," ते जाताना म्हणाले, "ह्याच्या गिटारीने माझी दुपारची झोप गेलीय. मी आत बसलो तर त्याचा घात होईल." सगळे हसले होते. उठून जाण्यात कुणाला काही वाटत नसे. नियमच होता तो.

आणि मग ही मुलगी आली होती. कोवळा, धिटाईचा आवाज.

"आमच्या गावात माथेरान लागत नाय," तिने सुरुवात केली होती.

"म्हणजे काय?" राजेश सर म्हणाले. "माथेरान काय लागायचंय? डोंगर आहे तो. दिसतो सगळ्यांना."

मुलगी हसली. "रेंज वो, सर. आमच्यात रेंजला माथेरान बोलतात. आधी गावात एकच टीव्ही व्हता ना, त्याची काठी माथेरानच्या अंगाला फिरवली का चित्र साफ यायचं. कौलावर चढलेला वरनं वरडायचा, माथेरान लागला का? आता टीव्ही गेला, काठी गेली. शब्द ऱ्हायला."

सुप्रिया मॅडमना फार गंमत वाटली. हर्षलाला ती समजावणी लागलीच नव्हती. मुलगी पहिलं वाक्य बोलली तेव्हाच तिच्या हातातलं पेन थांबलं होतं. भिवपुरीच्या आपल्या खोलीत फोन मध्येच तुटला की ती अजून स्वतःशी म्हणायची, माथेरान गेला. हा शब्द जगात एकाच गावात बोलला जात होता आणि त्या गावाबाहेर तो फक्त दोन बायांच्या तोंडात उरला होता, तिच्या आणि तिच्या आईच्या.

गाव ओळखलं म्हणजे आवाज ओळखला असं नाही, असं तिने स्वतःला समजावलं. मुलगी बोलत होती. टेपावर, म्हणजे गावामागच्या उंचवट्यावर, एक खांब उभा करायचा. खालच्या वाडीपर्यंत आलेली वायर वर घ्यायची आणि घराघरात इंटरनेट न्यायचं. पण खांब कंपनीच्या माणसांनी येऊन लावायचा नाही. आजूबाजूच्या गावांतल्या, वाड्यांतल्या पोरापोरींना बोलवायचं, मेळावा भरवायचा आणि सगळ्यांनी मिळून तो लावायचा. म्हणजे उद्या ते आपापल्या गावात लावतील. बंद पडला तर कुणाचं तोंड बघायला नको.

चांगलं होतं. हर्षलाने इतक्या वर्षांत ऐकलेल्यांपैकी फार चांगलं होतं.

मुलगी दम घ्यायला थांबली आणि तेव्हाच मागून तो म्हातारा म्हणाला, "सांग की बाय. सगळं सांग."

शेवटचं अक्षर तसंच लांबलं.

हर्षलाचा हात खुर्चीच्या हातावर गेला. पाय आपोआप मागे आले. उठायचं, सुप्रिया मॅडमच्या मागून वळसा घ्यायचा, दाराबाहेर जायचं. एवढंच करायचं होतं. ती अर्धी उठलीही होती.

"तुमच्या खांबावरून गावातल्या सगळ्या घरांना मिळणार?" राजेश सर विचारत होते.

"सगळ्या. एक सोडून."

"एक का सोडलं?"

"ते बंद घर हाय, सर. छप्पर बसलंय त्याचं. कुनी नसतं तिथं."

"कुणाचं आहे?"

"म्हायीत नाय. आमी नुसतं बंद घर बोलतो."

मागे म्हातारा खाकरलासुद्धा नाही.

हर्षलाने हात काढून घेतला. ती परत बसली आणि पाठ खुर्चीला नीट टेकवून बसली.

*

पाठ करून बसलेल्या माणसाला काय सुख असतं हे तिला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. आपलं तोंड कुणाला दिसत नाही. आपल्या तोंडावर जे काही चाललंय ते आपलं आपल्यापाशी राहतं. तिच्या तोंडावर हसू होतं. ते तिला लपवावं लागलं नाही.

सगळे गेल्यावर तिघं खुर्च्या वळवून बसली. पळसटेपचं नाव कुणाला माहीत नव्हतं. ती होती फक्त खांबवाली मुलगी. राजेश सरांना तीच पहिली वाटत होती.

"मेळावा चांगला आहे," हर्षला म्हणाली. तिचा आवाज तिलाच नवलाचा वाटावा इतका थंड होता. "पण सर, आपण मेळाव्याला देतो. खांब ही कायमची वस्तू. उद्या सगळे म्हणतील, आम्हाला शेड द्या, आम्हाला पाण्याची टाकी द्या."

"अगं पण खांब लावणं हाच त्यांचा मेळावा ना?"

"आणि गावातली सगळी घरं नाहीत त्यात. सार्वजनिक म्हणायचं, तर एकही घर सुटता कामा नये."

"पडक्या घराला इंटरनेट देऊन काय करणार?"

"मी नियमाचं बोलतेय."

राजेश सरांनी चष्मा काढून पुसला. सुप्रिया मॅडम म्हणाल्या, "हर्षलाला दिसतंय म्हणजे काहीतरी असणार. तिने कधी कुणाचं वाकडं केलंय?"

एवढं पुरलं. इतक्या वर्षांच्या सरळपणाची धार तिने एका घावात वापरली. संध्याकाळी स्टेशनकडे चालताना तिला उल्हास नदीचं पाणी, पुलावरचे भाजीवाले, कणसं भाजणारी बाई, सगळं कसं उजळ उजळ दिसत होतं. कुणीतरी जुनं ठणकणारं कुरूप कापून काढलं होतं आणि पाय हलका पडत होता.

आई गॅलरीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. निवडताना ती गुणगुणायची. जुन्या ओव्यांच्या चालीवर तिने स्वतःच्या कितीतरी रचल्या होत्या. त्यातली एक हर्षला लहानपणापासून ऐकत आली होती. आई ती कुणापुढे म्हणायची नाही.

*तळ्याच्या काठी बाई, पानं मांडिली हारीनं*
*माझ्या घराचं गं नाव, नाही घेतलं कुनीनं*

"आई, हिरामण आला होता."

सूप थांबलं. "कोन हिरामण?"

"कोण म्हणजे? पळसटेपचा. एका पोरीला घेऊन, नात असावी."

"जिता हाय अजून?" आईने एक खडा उचलून गॅलरीबाहेर टाकला. "तळ्यात पानी ऱ्हातं का आता? इचारलंस?"

"मी कशाला विचारू? त्याने ओळखलं नाही मला. बघितलंच नाही. मी पाठ करून बसले होते." हे सांगताना तिला पुन्हा हसू आलं. "नातीला वाटा हवा होता. मी नाही दिला."

आईने तांदळात बोटं फिरवली.

"पोर कशी हाय?"

"हुशार आहे."

"मंग?"

"मग काय मग? तुला बरं नाही वाटलं?"

"मला काय पुसतंस? वाटनारी तू."

"आई, माझ्या टोपलीत पानं अंथरून दिली होतीस तू. तशीच घरी आणली आपण. आठवतं का?"

"आठवतं." आईने सूप खाली ठेवलं. "पन मला त्या दिशी मासं नको व्हतं गं. मला नाव ऐकायचं व्हतं. पाठमोरा असंना, त्यानं नुसतं बोलायचं व्हतं, इंदूचा. मी वाटा घेतला बी नसता."

हर्षला उठली आणि चहा टाकायला गेली. स्टोव्हपाशी उभी असताना ती मनात म्हणाली, बरं झालं सांगितलंस. मग त्यालाही नाव ऐकायला मिळणार नाही. भर सभेत मिळणार नाही.

*

कारण नावं अजून पुकारायची होती. पैसे सगळ्यांना सारखेच असत. खरी चुरस तारखांची. संस्थेची एकच गाडी, तिच्यात पडदा, लॅपटॉप, भोंगे. ती कुणाकडे कुठल्या रविवारी जाणार यावर मेळाव्याचं नशीब. जानेवारीतला रविवार सगळ्यांना हवा, परीक्षेच्या तोंडावरचा कुणालाच नको. म्हणून सगळ्यांदेखत सुप्रिया मॅडम तारीख घातलेल्या एकेका पाकिटावर हात ठेवून विचारत आणि पाठमोरी हर्षला नाव घेत असे. कुणाची निवड झाली आणि कुणाची नाही, हेही तेव्हाच कळे.

पुढच्या रविवारी कार्यालयाच्या व्हरांड्यात चहा चालला होता. हिरामण खुर्चीवर बसला होता, स्वच्छ धुतलेली टोपी, हातात काठी. वयाने वाळून अर्धा झाला होता. जागृती, त्याची नात, मोबाईलवर कुणाला तरी खांबाचा फोटो दाखवत होती. हर्षला मुद्दाम त्यांच्या जवळून गेली. तिला त्याचं तोंड बघायचं होतं. इतक्या वर्षांत ती त्याची पाठच आठवत आली होती.

"ताई, इकडं या जरा," तोच म्हणाला. "ही पोर सांगते का तुमी नाव बी पाठ करूनच घेता. खरं हाय?"

"खरं आहे."

म्हाताऱ्याचं तोंड फुललं. "अवो, ही तं आमची रीत! आमच्या गावात मासं वाटायचो आमी असंच. मी बसायचो पाठमोरा. बसलो का भिंतच. सख्खा भाऊ मागं उबा असंना, बगायचो नाय. एक डाव चूक नाय झाली माझ्या हातनं."

"एकदाही नाही?"

"एकदाबी नाय. इचारा कुनालाबी." त्याने अभिमानाने काठी आपटली. "तुमी कुनाकडनं शिकलात?"

"बघून," हर्षला म्हणाली.

"चांगलं शिकलात. लोकं लई नाव काडतात तुमचं. आमची पोर बी लई खपलीय बगा, ताई. रातंदिवस त्या वायरी. तिचं नाव तेवडं तोंडात येऊ द्या."

"आबा, असं नसतं बोलायचं!" जागृतीने त्याचा दंड दाबला. "ताई, सॉरी हां. त्यांना कळत नाय."

"कळतंय," हर्षला म्हणाली. तिच्या छातीत जे चाललं होतं त्याला राग म्हणायचं की आनंद, तिला ठरवता आलं नाही. एक डाव चूक नाय झाली. लबाड माणसाचा सूड घेणं सोपं असतं; त्याला आपली लबाडी ठाऊक असते. ह्याला तर काहीच बोचत नव्हतं. हा रोज रात्री गाढ झोपत होता.

ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मागे खुर्च्या सरकल्या, माणसं गप्प झाली.

"हा कुणाचा?" सुप्रिया मॅडमनी विचारलं.

"कुंभिवली."

"अरे वा रं वा!" संतोष ओरडला. "कुठली तारीख? जानेवारी! चहा माझ्याकडं सगळ्यांना."

"हा कुणाचा?"

"भिवपुरी."

"आणि हा?"

"मोहोपाडा." तिने नाव घेतलं आणि तिच्या कानांना कळलं की शेवटचं अक्षर आपणही लांबवतोय. ते तिला थांबवता आलं नाही. चौथं नाव नेरळकडच्या एका शिक्षकांच्या गटाचं. पाचवं ठाकरवाडीतल्या मुलांचं, जी म्हाताऱ्यांची गाणी मोबाईलवर उतरवून घेत होती. टाळ्या वाजल्या. ठाकरवाडीच्या मुलांना ते खरं वाटेना, त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"झालं," हर्षला म्हणाली.

ती थांबली. हीच ती जागा. इथेच तिची टोपली पुढे आली होती. मागची शांतता तिला पाठीच्या मणक्यावर कळत होती, आणि त्या शांततेत म्हातारा सावकाश म्हणाला, "आपलं नाय आलं, बाय? बरं. चल मंग. नाव नाय आलं म्हंजी नाय. रीत म्हंजी रीत."

काठी वाजली. खुर्ची मागे सरली. हर्षलाला वाटलं, संपलं. आता ती दोघं जातील, जसं आपण गेलो.

"नाय, थांबा आबा," मुलगी म्हणाली. "का?"

तिच्या चपला पुढे वाजत आल्या.

"ताई, का नाय आलं आमचं? मी भांडत नाय. कारन सांगा."

हर्षलाला वळावं लागलं. जागृती पुढे येऊन उभी होती. डोळे भरलेले होते पण मान ताठ.

"आम्ही मेळाव्याला निधी देतो," हर्षला म्हणाली. "खांबाला देत नाही."

"मंग खांबाचा खर्च आमी करतो, वर्गनी काडून. मेळाव्याला तं द्याल?"

राजेश सर पुटपुटले, "हे बरोबर आहे."

"गावातली सगळी घरं नव्हती तुझ्या योजनेत."

"एकच नव्हतं. त्यालाबी देते मी वायर. उद्या छप्पर घालून कुनी आलं तं सापडंल त्याला." मुलगी मागे वळली. "पन घर कुनाचं ते तं कळाया पायजे. आबा, कुनाचं वो ते बंद घर?"

हिरामणने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"जुनी गोष्ट हाय. नाय आठवत."

ते तुटक आलं. शेवटचं अक्षर जागच्या जागी पडलं. त्या आवाजाची ओळख असलेली त्या खोलीत एकटी हर्षलाच होती, म्हणून तिला एकटीलाच कळलं की म्हाताऱ्याला सगळं आठवतंय.

आता तर आणखीच सोपं होतं. त्याने दुसऱ्यांदा नाव गिळलं होतं, तेही नातीच्या तोंडावर. त्याला तसाच जाऊ द्यायचा. उन्हातून, काठी टेकत, पराभूत नातीच्या मागे. तिने हे कितीतरी वेळा डोळ्यांपुढे आणलं होतं. पण मुलगी जात नव्हती. ती मोबाईल दोन्ही हातांत घट्ट धरून उभी होती आणि हर्षलाकडे बघत होती. त्या काठावर आईने का म्हणून विचारलं नव्हतं. हर्षलाने नव्हतं. गावातल्या एकाही माणसाने नव्हतं. विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं कोण जाणे. पण कुणाला तरी तोंड वर करून ते द्यावं लागलं असतं.

"मॅडम," हर्षला म्हणाली, "वाटे परत घालावे लागतील. मला वगळून."

सुप्रिया मॅडमचा हात पाकिटांवरच राहिला. "काय झालं?"

"मी ओळखलं होतं त्या दिवशी. उठले नाही."

"हर्षला?" राजेश सर म्हणाले. संतोषने हातातलं पाकीट हळूच परत टेबलावर ठेवलं. त्याच्या मागोमाग ठाकरवाडीच्या मुलांनीही ठेवलं, आणि ते बघून हर्षलाला पहिल्यांदा शरम वाटली.

"मला वळखता तुमी?" जागृती गोंधळून म्हणाली. "पन आपन कदी भेटलोच नाय."

"तुला नाही गं." हर्षलाने म्हाताऱ्याकडे बघितलं. तोही बघत होता. तिचं कपाळ, हनुवटी, कुणाची तरी ठेवण शोधत. त्याचे ओठ हलले, पण आवाज बाहेर आला नाही. ती त्याच्यासाठी थांबली. सगळी सभा थांबली. मग तिने वाट बघणं सोडलं, मुलीजवळ आली, आणि बोलली ती ऑफिसातलं नव्हे, तळ्याकाठचं.

"ते घर इंदूचं. मी तिची हर्षी. तुझ्या मेळाव्यात कायबी खोट नव्हती, बाय. मला तुझ्या आबावर सूड उगवायचा व्हता. तू का म्हनून इचारलं नसतंस, तं पचला बी असता."